जाम बोल्टशी जबरदस्ती नको

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मरहूम अब्बांची प्रीमियर पद्मिनी कोकणातल्या घराच्या पडवीत अनेक वर्षे उभी आहे. भाईजानने आता ती आतून नीट करायला घेतली आहे. सीटचे बोल्ट मात्र हलत नाहीत, आणि मेकॅनिक म्हणतो, गॅस कटरने उडवू. उडवू द्यावे का?

आमचे उत्तर : नाही. त्याआधी एक गोष्ट. गाडी अब्बांच्या तरक्यात येते. तिच्यात अम्मीचा आणि बहिणींचाही हिस्सा आहे. वाटणी झाली नसेल तर सर्वांची रजामंदी घेऊनच पाना उचलावा. ‘भंगारच तर आहे’ हे एकट्या भावाने ठरवायचे नसते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली; कुर्ल्याला बनलेल्या या गाड्या आता पुन्हा बनणार नाहीत.

कटर नको, कारण आत रेक्झिन, फोम, काथ्या, सरस. आणि तळाखालून पेट्रोलची व ब्रेकची नळी जाते. शिवाय खाऱ्या हवेने पातळ झालेला पत्रा ज्वाळेपुढे टिकत नाही. एकदा का भोक पडले की सीट धरणार कशात?

बॅटरीची तार आधी काढावी. मग खरे काम गाडीच्या खालून सुरू होते. बोल्टचे टोक तळातून बाहेर आलेले असते, त्याच्या आट्यांवर गंज आणि चिखल चढलेला असतो. वरून कितीही जोर लावला तरी हे खराब आटे नटात अडकतात, आणि पत्र्याला वेल्ड केलेला नट सुटून नुसता गरगर फिरू लागतो. म्हणून तारेच्या ब्रशने टोक लख्ख करावे, गंज सोडवणारे तेल मारावे, इशानंतर एकदा, फजरनंतर पुन्हा. दोन-तीन दिवस गेले तरी जाऊ द्यावेत. (गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, भक्कम स्टँड हवेतच.)

पाना मिलिमीटरचा, सहा कोनांचा आणि घट्ट बसणारा घ्यावा. पद्मिनी मूळची इटलीच्या फियाटची. जुन्या अँबेसेडरचे इंची पाने तिच्यावर ‘जवळपास’ बसतात आणि बोल्टचे कोपरे खातात. डोक्यावर हातोडीचे दोन-चार ठोके द्यावेत, मग आधी किंचित आवळावे आणि नंतर सोडावे. पाव फेरा सुटला की थोडे मागे, पुन्हा तेल. करकर आवाज आला तर थांबावे. बोल्ट पिळवटून तुटला, तर मधोमध पंच मारून बारीक ड्रिलपासून चढत जाण्याखेरीज इलाज नाही, आणि ते काम जाणत्या हाताचे.

दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीचे आणि हँडलजवळचे स्क्रू ही वेगळी डोकेदुखी. त्यांच्या खाचेत रंग आणि धूळ भरलेली असते, ती दाभणाने कोरून काढावी. निम्मे स्क्रू एवढ्यानेच वाचतात. पेचकस खाच पूर्ण भरणारा हवा. टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली तर तो निसटत नाही. तरीही हलत नसेल, तर रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर काही मिनिटे धरावा. उष्णता तेवढ्याच जागी जाते, ज्वाळा नाही. पण तेल उडवायचे ते स्क्रू गार झाल्यावरच. ते पेट घेते.

निघालेला प्रत्येक स्क्रू जागेचे नाव लिहिलेल्या पुडीत ठेवावा. त्यांची लांबी एकसारखी नसते, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली वायर कापतो.

सीटचे जुने बोल्ट मात्र परत लावू नयेत, कितीही चांगले दिसोत. तेवढ्याच मापाचे, तेवढ्याच आट्यांचे, डोक्यावर ८.८ कोरलेले नवे आणावेत. तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. दबला, तर आधी वेल्डर, मग सीट. बसवल्यावर सीट दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघावे. मुलांना त्यानंतरच बसवावे.