छत्रीवाल्या बाईंच्या रोजनिश्या

इजिप्तच्या रणरणत्या उन्हात एक इंग्लिश बाई भक्कम दांड्याची छत्री घेऊन हिंडते. छत्री उन्हासाठी तर खरीच, पण वेळ आली तर चोराच्या टाळक्यात घालायलाही! नवराही उत्खनन करणारा. दिवसभर दोघं खापराच्या एकेका तुकड्यावरून कडाकडा भांडतात. आणि मग बाई सगळी हकिगत रोजनिशीत लिहून ठेवते. अर्थात, चूक नेहमी नवऱ्याचीच!

ही अमेलिया पीबॉडी. तिच्या रोजनिश्यांची एकूण २० पुस्तकं निघाली. गंमत एवढीच, की अशी बाई कधी नव्हतीच.

तिची जन्मदात्री होती बार्बरा मर्ट्झ ही अमेरिकन विदुषी. १९५२ साली तिनं शिकागो विद्यापीठातून इजिप्तविद्येत पीएच.डी. मिळवली. पण बाईला उत्खननाच्या कामावर घेणार कोण? लग्न झालेलं, पुढे दोन मुलं. पदवी राहिली कागदावर. मग तिनं लेखणी उचलली. आधी प्राचीन इजिप्तची ओळख करून देणारी दोन पुस्तकं आणि १९७५ मध्ये अमेलियाची पहिली रोजनिशी. एलिझाबेथ आणि पीटर ही आपल्या मुलांची नावं जोडून टोपणनाव घेतलं, एलिझाबेथ पीटर्स.

बार्बराला जे मिळालं नाही, ते तिनं अमेलियाला उदंड दिलं. बत्तिशीची अविवाहित अमेलिया वडिलांच्या इस्टेटीची मालकीण होते आणि कुणाची परवानगी न विचारता कैरो गाठते! भोवतीचं जग मात्र बरंचसं खरं आहे. तुतनखामेनचं थडगं शोधणारा हॉवर्ड कार्टर या पानांतून ये-जा करतो. अमेलियाचा नवरा इमर्सन मातीच्या साध्या तुकड्यांना सोन्याइतकं जपतो, त्यात फ्लिंडर्स पेट्री या खऱ्या संशोधकाची छाप दिसते. खापरांवरून काळ कसा ओळखावा, हे पेट्रीनंच जगाला दाखवलं. रोजनिशी खरी वाटावी म्हणून एक काल्पनिक संपादकही हजर असतो. तो कागदपत्रं सापडल्याचं सांगतो, वर टीपाही देतो. इजिप्तच्या माणसांना उपदेशाचे डोस पाजण्याची साहेबी खोड अमेलियाला आहे. ती कधी कधी खटकते, पण त्या काळची मडमीण लिहिणार तशीच.

२०१३ साली बार्बरा गेली तेव्हा एक रोजनिशी अर्धवट राहिली होती. विषय होता राणी नेफरतितीचा तो प्रसिद्ध मुखवट्यासारखा सुबक अर्धपुतळा. १९१२ मध्ये तो अमार्नाला सापडला आणि आज बर्लिनमध्ये आहे. बार्बराची मैत्रीण, लेखिका जोन हेस हिनं ते हस्तलिखित पूर्ण केलं. २०१७ च्या उन्हाळ्यात पुस्तक बाहेर आलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जोनही गेली.