समुद्राचा ताप

मे महिन्यात आठ दिवसांची रजा मिळाली. मुलं परगावी, रेल्वेची आरक्षणं कधीच संपलेली. म्हणून यंदा रत्नागिरीत घरीच सुट्टी घालवायचं ठरवलं. भाट्याच्या किनाऱ्यावर लांबून पर्यटक येतात. मी इतक्या जवळ राहून वर्षातून दोनदाही फिरकत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, एवढाच कार्यक्रम आखला.

पहिल्याच सकाळी पाणी चक्क कोमट लागलं. कपाळाला हात लावून ताप जाणवला, तरी आकडा पाहिल्याशिवाय डॉक्टरला चैन पडत नाही. पण ताप मोजायचा पाऱ्याचा थर्मामीटर इथे कुचकामी. त्याच्या खुणा ३५ अंशांपासून सुरू होतात. शेवटी शेजारच्या मुलाकडून माशांच्या टाकीतला थर्मामीटर मागून आणला. आठवडाभराच्या नोंदी जवळजवळ एकसारख्या आल्या: पाणी ३० अंश सेल्सिअस, संध्याकाळी कधी ३१. पहाटेची हवा मात्र २७ अंशांची. म्हणजे त्या वेळी समुद्रच हवेपेक्षा गरम होता.

माझा थर्मामीटर साधा असला, तरी आकडा वेगळा नव्हता. कोकण किनाऱ्यालगत जानेवारी-फेब्रुवारीत समुद्राचं तापमान साधारण २५ ते २७ अंश असतं, मे महिन्यात ते ३० च्या आसपास जातं, पावसाळ्यात उतरतं आणि ऑक्टोबरात पुन्हा थोडं चढतं. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. दिवसभर घेतलेली ऊब समुद्र रात्री लगेच सोडून देत नाही. म्हणूनच विदर्भासारखी भाजून काढणारी दुपार आपल्याकडे नसते, पण थंडावा देणारी रात्रही नसते.

याचा आरोग्याशी काय संबंध? संबंध आहे तो घामाशी. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण त्यासाठी घाम वाळावा लागतो. नुसता निथळणारा घाम शरीराला गार करत नाही; पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. गरम समुद्रावरून येणारा वारा आधीच बाष्पाने भरलेला असतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला जाणवणारी उष्णता चाळिशीपार जाते.

दोन वर्षांपूर्वी चिरेखाणीवर काम करणाऱ्या एका तरुणाला आमच्याकडे आणलं होतं. ताप ४१ अंशांच्या वर, बोलणं असंबद्ध, अंग घामाने चिंब. सोबतचा भाऊ पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘‘डॉक्टर, ऊन कुठे एवढं होतं? तेहेतीसच तर होतं!’’ तरुण वाचला, पण मूत्रपिंडं सावरायला तीन आठवडे गेले. भावाचं ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही.

आपल्या सगळ्यांचा हाच गैरसमज आहे. नागपूर ४५ अंशांवर गेलं की बातमी होते. रत्नागिरी, अलिबाग, मालवणचे ३३-३४ अंश आपल्याला सुखाचे वाटतात. हवामान खातंही किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार कमाल तापमान किमान ३७ अंश झाल्यावरच करतं. त्याखालच्या दिवसांसाठी ‘उष्ण आणि दमट हवामान’ असा इशारा दिला जातो, पण तो कोणी मनावर घेत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरील कार्यक्रमात उन्हात बसलेल्या माणसांचे बळी गेले, तेही किनारपट्टीच्याच हवेत.

हे पुढे वाढतच जाणार आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागर सरासरी १ अंशाने तापला; जगभरच्या समुद्रांची सरासरी वाढ ०.७ अंश होती. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. समुद्राचा ताप असा आपल्या अंगापर्यंत पोहोचतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत रोजच्या तापमानाबरोबर आर्द्रता आणि जाणवणारी उष्णता ठळकपणे सांगितली जावी; ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, एसटी स्थानकावर, मासळी बाजारात. चिरेखाणी, आंबा काढणी, बांधकाम इथल्या कामाच्या वेळा त्या आकड्यावर ठराव्यात. दुपारी बारा ते चार सावलीत विश्रांती देणं ही मेहेरबानी नाही.

घरोघरी लक्षात ठेवायच्या गोष्टीही थोड्याच आहेत. कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, हे खरं नाही. श्रम करणारा माणूस घामाने भिजलेला असतानाही उष्माघात होतो. बडबड, झोकांडी, गोंधळलेपण ही खूण. अशा माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांशी बोला; गोळ्या मनाने बंद करू नका.

रजा संपली. थर्मामीटर धुऊन शेजाऱ्यांना परत केला. आता ओपीडीत मे महिन्यात कोणी चक्कर आल्याची तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारते, ‘‘काम कुठे करता? घाम वाळतो का?’’