पाण्याची मोलारिटी पाठ करू नका, काढा

प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांकडून शुद्ध पाण्याची मोलारिटी सहसा ‘५५.५’ अशी पाठच करून घेतली जाते. हा आकडा पाठ करण्याचा नाही, काढण्याचा आहे. एक लिटर पाण्याचं वस्तुमान २५ अंश सेल्सिअसला सुमारे ९९७ ग्रॅम असतं आणि एका मोलचं १८.०१५ ग्रॅम. भागाकार केला की ५५.३ मोल येतात. लिटरऐवजी चमचाभर पाणी घेतलं तरी उत्तर तेच, कारण वस्तुमान आणि आकारमान एकाच प्रमाणात घटतात. म्हणजे शुद्ध द्रवाची मोलारिटी ही घनता भागिले मोलर वस्तुमान, एवढीच. म्हणूनच ती तापमानाबरोबर बदलते: ४ अंशांना ५५.५, तर १०० अंशांना ५३.२. पाऱ्याचा एक मोल पाण्याच्या मोलपेक्षा अकरापट जड असतो, पण पाऱ्याची घनता साडेतेरापट असते. त्यामुळे त्याची मोलारिटी पाण्याहूनही जास्त, सुमारे ६७.५ भरते. इथेनॉलची मात्र जेमतेम १७ येते. ही तुलना ज्याने स्वतः केली, त्याला सूत्र घोकावं लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की संहती द्राव्याची असते. द्रावणच नाही तिथे मोलारिटी कसली? पण व्याख्या मागते ते एखाद्या घटकाचे मोल आणि एकूण आकारमान. तो घटक एकटाच असला म्हणून भागाकार अडत नाही. उलट पातळ द्रावणातल्या पाण्याचीही मोलारिटी ५५च्या आसपास असते, हे इथेच ध्यानात येतं. शुद्ध पाण्यात हायड्रोजन आयनांची संहती लिटरमागे मोलचा एक कोटीवा भाग, म्हणजे सुमारे ५५ कोटी रेणूंमागे एक. एवढ्या विघटनाने पाण्याचा साठा हलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समतोल स्थिरांकातून शुद्ध द्रव वगळला जातो तो त्याची संहती स्थिर असते म्हणून नव्हे, तर शुद्ध द्रव हीच प्रमाण अवस्था धरल्याने त्याची क्रियाशीलता एक ठरते म्हणून. हे मला पूर्ण मान्य आहे. पाण्याचा पीकेए अनेक पुस्तकांत १४ऐवजी १५.७ छापला जातो, तो आयनिक गुणाकाराला ५५.३ने भागल्यामुळेच, तिथे क्रियाशीलतेच्या जागी संहती बसवलेली असते. पण ही गफलत कोण पकडू शकेल? तो जादा १.७ म्हणजे ५५.३चा लॉगरिदम, हे ज्याला ओळखू येईल तोच. आकडा कुठून येतो हे ठाऊक असेल, तरच तो कुठे वापरू नये हेही कळतं.

म्हणून परीक्षेत घनता आणि मोलर वस्तुमान देऊन एखाद्या अनोळखी द्रवाची मोलारिटी विचारावी आणि उत्तराइतकेच गुण कारणमीमांसेलाही द्यावेत. गणित दोन ओळींचं आहे, पण आपण भागतोय ते काय आणि कशाने, हे समजल्याशिवाय ते सुटत नाही.