दुसरा रिमोट पिशवीतच



दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या बीड जिल्ह्यात गावोगावी घरांना कुलपे लागतात. मुकादमाची उचल घेतलेली टोळी ट्रकमध्ये बसते आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यावर जाते. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. हे काही आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण गेल्या हंगामात अशाच एका लेकराच्या हातात जे दिसले, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आम्ही दर रविवारी बीडजवळच्या एका गावात, विहारात मुलांचा अभ्यास घेतो. एका रविवारी एक आजी नातवाचा दंड धरून आत आल्या. मुलगा सातवीतला. आजींच्या दुसऱ्या हातात तळहाताएवढे लाल यंत्र होते. वर छोटा पडदा, खाली बटणे.

"भाऊ, ह्या डबड्याचं काय करायचं ते आता तुम्हीच सांगा. फोडू का चुलीत घालू? पोरगं जेवायला उठंना झालंय. लेकानं जाताना घेऊन दिलं, आन् मी बसले निस्तरत."

मुलगा खाली मान घालून उभा. खरे सांगायचे तर 'काढून घ्या ते' हेच शब्द आमच्याही ओठांवर आले होते. समाजकार्य करणाऱ्या माणसाला निकाल देण्याची घाई फार. पण आम्ही पडलो कारकून. कागद पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही, ही नोकरीने लावलेली सवय. म्हणून आधी यंत्र हातात घेतले आणि बटण दाबले.

पडद्यावर जे आले ते पाहून आम्ही क्षणभर वयच विसरलो. टोपीवाला, मिशीवाला मारिओ! बंदुका घेऊन पळणारे काँट्राचे दोन जवान! विटांच्या भिंती फोडणारे रणगाडे! नव्वदच्या दशकात आम्ही शाळकरी असताना हेच खेळ टी.व्ही.ला यंत्र जोडून तासाच्या भाड्यावर खेळायला मिळत. खिशात पैसे नसले तर दुसऱ्याच्या खांद्यावरून बघण्यावरच समाधान मानायचे. तीस वर्षांपूर्वीचे खेळ या पोराच्या मुठीत आले कसे?

त्याची हकिगत अशी. जपानमधल्या क्योतो शहरात १८८९ साली पत्ते बनवणारी एक कंपनी निघाली. तिचे नाव निन्टेन्डो. याच कंपनीने जुलै १९८३ मध्ये घरच्या टी.व्ही.ला जोडायचे 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. सुपर मारिओ हा खेळ १९८५ चा. आपल्याकडे त्या यंत्राच्या नकला आल्या. मीडिया, लिटल मास्टर ही नावे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. त्या यंत्राची कामापुरती स्मृती होती अवघी २ किलोबाइट. आज मोबाईलवर मराठीत टाईप केलेला एखादा परिच्छेद त्यात मावला तरी पुष्कळ म्हणायचे. एवढ्या तुटपुंज्या सामानात त्या कारागिरांनी डोंगर, नद्या, किल्ले उभे केले.

आता ते यंत्र मुठीत मावते, कारण त्याचे सगळे भाग एका चिपमध्ये बसवता येतात. बाजारात चार-पाचशे रुपयांना मिळणारी '४०० खेळांची' यंत्रे बहुतेक याच जातीची. दुसरी जात याहून महाग, काही हजारांची. चीनमधल्या ॲनबर्निक, मियू अशा नावांनी ती विकली जाते. तिच्या आत मोबाईलसारखा लहानसा संगणक असतो आणि त्यात 'एम्युलेटर' नावाचा प्रोग्राम असतो.

एम्युलेटर म्हणजे काय, असे मुलाने विचारले. आम्ही त्याला विचारले, "गावात बहुरूपी आलेला पाहिलास का रे?" पाहिला होता. खाकी कपडे, हातात दंडुका, अंगणात येऊन खोटीच दमदाटी करणारा. बहुरूपी पोलीस नसतो, पण पोलिसासारखा बोलतो, चालतो, उत्तरे देतो. एम्युलेटर असाच बहुरूपी. जुना खेळ त्याला जुने यंत्र समजून हुकूम सोडतो, 'हा ठिपका पुढे सरकव, हा आवाज काढ'. बहुरूपी तो हुकूम नव्या चिपच्या भाषेत सांगतो, काम करून घेतो आणि जुन्या यंत्राने दिले असते तसेच उत्तर परत देतो. हे सेकंदाला लाखो वेळा चालते. खेळाला पत्ताही लागत नाही. मुलाला हे चटकन पटले. "म्हंजी गेमला फसवलंय," तो म्हणाला. आमच्या बी.कॉम.च्या डोक्याला याहून सोपी व्याख्या सुचली नसती.

मग ४०० या आकड्याचा ताळा पाहायला घेतला. मुलांना पाटीवर रेघा मारायला लावल्या. एक-एक खेळ उघडत गेलो, तसतशी पोरे ओरडू लागली, "काका, हा तर मघाचाच!" नाव वेगळे, रंग वेगळा, खेळ तोच. कुठे तोच खेळ मधल्याच टप्प्यापासून सुरू केलेला. आमच्या लहानपणी '९९९९ खेळ' लिहिलेल्या कॅसेटीतही हीच लबाडी होती. खोक्यावरचा आकडा आणि आतला माल यांचा मेळ घालून बघायला मुले त्या दिवशी शिकली. पुढे आयुष्यात हा हिशेब फार उपयोगी पडतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे येऊ. हे डबडे वाईट की चांगले?

एक गोष्ट आम्ही आजींना स्पष्ट सांगितली. या यंत्रात इंटरनेट नाही. जाहिरात येत नाही. खेळता खेळता 'पैसे भरा म्हणजे पुढे जाल' असे ते म्हणत नाही. कोणी अनोळखी माणूस त्यातून पोराशी बोलत नाही. मोबाईलवर रमीसारखे पैसे लावून खेळायचे खेळ आले आणि कष्टकऱ्यांच्या कितीतरी घरांत हाताशी आलेली तरणी पोरे कर्जात बुडाली. अशा खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला तो उगाच नाही. त्या आगीपुढे हे डबडे म्हणजे चिमणीची ज्योत. यात हरले तर डाव जातो, दाम जात नाही.

पण ज्योतही चटका देते. खेळ जुना असला तरी नाद नवाच लागतो. डोळे दुखतात, जेवण लांबते, अभ्यास राहतो. आजींचे म्हणणे काही खोटे नव्हते.

आणखी एक बाजू सांगितली पाहिजे. एम्युलेटर बनवणे हा काही गुन्हा नव्हे. सोनी कंपनीने कनेक्टिक्स या कंपनीवर भरलेल्या खटल्यात २००० साली अमेरिकेच्या न्यायालयाने तसा प्रोग्राम बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पण आत भरलेले खेळ कोणाच्या तरी मेहनतीचे असतात, आणि स्वस्त यंत्रांत ते बहुधा न विचारताच भरलेले असतात. विटा रचायचा 'टेट्रिस' आमच्या वाचकांनी जत्रेत घेतलेल्या ब्रिक गेमवर खेळला असेल. तो १९८४ साली मॉस्कोत ॲलेक्सी पाजित्नोव्ह या सरकारी नोकरी करणाऱ्या माणसाने बनवला. १९८९ च्या गेम बॉय यंत्राबरोबर तो जगभर गेला, पण हक्क सरकारकडे असल्यामुळे बनवणाऱ्याला मानधन मिळू लागले ते १९९६ नंतर. घामाचे दाम दुसरीकडे जाणे म्हणजे काय, हे टोळीवर जाणाऱ्या माणसाला आम्ही काय समजावणार? मुलांना मात्र एवढे सांगावे की खेळ आभाळातून पडत नाही, तो कोणीतरी बसून घडवलेला असतो. उद्या तूही घडवू शकतोस.

असो. हे सगळे सांगून झाले तरी आमच्या मनाचे समाधान होईना. आम्ही मुलाला म्हटले, "खोकं आहे का याचं? घेऊन ये." तो पळत जाऊन घेऊन आला. खोक्यात चार्जिंगची वायर, टी.व्ही.ला जोडायची वायर आणि एक छोटा रिमोट. दुसऱ्या खेळाडूसाठी दिलेला. त्याची प्लास्टिकची पिशवी अजून फोडलेलीसुद्धा नव्हती.

"हा का नाही काढला रे?"

मुलगा आजीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काढून कुणासंगं खेळू, काका?"

वाचकहो, आम्ही काही बोलू शकलो नाही. आजीही मटकन खाली बसल्या. त्या यंत्राची किंमत आम्ही मनातल्या मनात काढली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मिळून ऊसतोडीचा दर टनाला साडेतीनशेच्या वर गेला. म्हणजे बापाने टनाहून अधिक ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत भरून होणारी मजुरी, आणि तीही आधीच उचललेली, या डबड्यात घातली होती. आपण पाच-सहा महिने जवळ नसणार, त्याची भरपाई म्हणून. आणि पोरगे दिवसभर त्या पडद्यात बघत होते ते खेळाच्या वेडाने की रिकाम्या घराच्या भीतीने, याचा विचार आम्ही मोठ्या माणसांनी केलाच नव्हता. आम्ही निघालो होतो डबड्याचा न्याय करायला.

त्या रविवारी विहारातल्या टी.व्ही.ला वायर जोडली. पिशवी फोडली. रणगाड्यांच्या त्या खेळात दोघांनी मिळून एक घर राखायचे असते. शत्रूची गोळी घराला लागली तर डाव संपतो, आणि आपलीच गोळी चुकून घराला लागली तरीही संपतो. पोरांनी पाळ्या लावल्या. अभ्यास झाल्यावर अर्धा तास, जोडीने, असा नियम ठरला. आजींनाही पोरांनी रिमोट दिला. त्यांचा रणगाडा भिंतीला टेकून तिथेच घुरघुरत राहिला आणि त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. नातू त्यांच्या बोटांवर बोटे ठेवून शिकवत होता. घरी गेल्यावर त्याचे खेळणे एकदम सुटले असे आम्ही म्हणणार नाही. पण आजी पुढच्या रविवारी म्हणाल्या, "आता आधी जेवतंय, मंग मला हाक मारतंय."

ज्यांच्या घरी असे यंत्र आले असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. खेळण्याची वेळ मुलाशी बोलून ठरवा आणि ठरल्यावर मोडू नका, त्याने नाही आणि आपणही नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर लगेच काढून बाजूला ठेवा. चार्जिंगला लावून रात्रभर उशाशी ठेवू नका. आणि आजींसारखे रागाच्या भरात चुलीत घालायचे तर मनातही आणू नका, बॅटरीचा भडका उडतो. खेळ कसा चालतो हे मुलाला तुम्हाला समजावून सांगू द्या. तुम्हाला कळले नाही तरी चालेल, सांगताना त्याला कळते.

एप्रिल लागला की टोळ्या जयंतीच्या आत गावी पोहोचायची धडपड करतात. त्या मुलाचे आई-बापही आले. बाप आमच्याकडे भेटायला आला तेव्हा हाताला कोयत्याचे घट्टे होते. म्हणाला, "भाऊ, पोरगं रोज रात्री हरवतंय मला. बोटंच वळंनात."

आम्ही म्हटले, "हरा की. तेवढ्यासाठीच तर दुसरा रिमोट दिलाय."

तुमच्या घरच्या खोक्यात असेल तर एकदा बघा. पिशवी अजून बंद असेल तर आजच फोडा.