‘तेल हलके असते’ हे अर्धेच उत्तर

आठवीच्या वर्गात आम्ही विचारले, "तेल पाण्यात का मिसळत नाही?" वर्ग एका सुरात म्हणाला, "सर, तेल हलके असते म्हणून!" या उत्तराला आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पूर्ण गुण देत आलो. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथेही ‘तेल का घनत्व कम होता है’ एवढे पाठ केले की काम भागत असे.

पण हलके असल्यामुळे तेल तरंगते, इतकेच. अल्कोहोल तेलाहूनही हलके, तरी ते पाण्यात पूर्ण मिसळते. मग खरे कारण काय?

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे थोडा ऋण आणि हायड्रोजनकडे थोडा धन विद्युतभार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून राहतात. अल्कोहोलचा रेणू त्यांच्या हातात हात घालू शकतो. तेलाच्या रेणूतील लांब साखळ्यांवर असा भार जवळजवळ नसतो. तेलाचे पाण्याशी वैर नाही. पाण्याची आपापसातली पकडच इतकी घट्ट की तेलाला आत जागा मिळत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला. म्हणून तुपकट ताट निघते.

याने काय फरक पडतो? दिवाळीच्या फराळाच्या वेळी कढईतील तेलाने पेट घेतला, तर हात आधी पाण्याकडे जातो. ते पाणी तेलात न मिसळता खाली जाते, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि जळते तेल अंगावर उडवते. अशा वेळी पाणी ओतायचे नाही, कढई हलवायची नाही. गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवायचे. ज्याला कारण समजले, त्याला हे ऐनवेळी आठवेल.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण देणे आता थांबावे. पालकांनी स्वयंपाकघरात विचारलेला ‘का?’ दटावून गप्प करू नये. विश्वस्त मंडळींना विनंती, परीक्षानळ्या कपाटात जपण्यापेक्षा मुलांच्या हातून चार फुटल्या तरी चालतील, असे धोरण ठेवावे.

आणि मुलांनो, प्रश्न विचारत राहा. आम्हालाही उत्तर आले नाही, तर मिळून शोधू.