अल्पसंख्य आणि अल्पमत

'आपण मूठभर माणसे. आपल्या बोलण्याने काय होणार?' हे वाक्य आपल्या ख्रिस्ती समाजात इतके रुळले आहे की ते नम्रतेचे लक्षण मानले जाते. वस्तुतः ती एक सबब आहे. संख्येचा दाखला पुढे केला की जबाबदारी आपोआप टळते!

मानसशास्त्राने या सबबीचा आधार केव्हाच काढून घेतला आहे. १९६९ साली सर्ज मॉस्कोविची या फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा-सहा जणींच्या गटांना निळ्या रंगाच्या ३६ स्लाइड्स दाखवून रंग विचारण्यात आला. प्रत्येक गटातील दोघींना आधीच पढवून ठेवले होते. त्या दोघींनी दर वेळी ठामपणे 'हिरवा' असे सांगितले, तेव्हा उरलेल्यांची ८.४२ टक्के उत्तरे 'हिरवा' अशी आली. त्यांनीच धरसोड केली, तेव्हा हे प्रमाण १.२५ टक्क्यांवर घसरले. धडधडीत चुकीच्या विधानालाही केवळ सातत्याने एवढे वजन येत असेल, तर सत्याला सातत्याची जोड मिळाल्यावर काय घडेल?

बहुमतापुढे माणूस पुष्कळदा वरवर मान तुकवतो. मनातून तो बदलत नाही. ठाम अल्पमताला तो तोंडावर विरोध करतो. पण 'एवढी किंमत मोजून हा हे का सांगत असावा?' हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही. म्हणूनच असा बदल उशिरा येतो, आणि तो कोणामुळे आला याचा समाजाला विसर पडतो.

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचे शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर यांचे उदाहरण पाहावे. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत विलीन करण्यावर मतदान झाले, तेव्हा गावात विरोधी मत देणारे ते एकटेच होते. पुढे हिटलरच्या युद्धात लढण्यास त्यांनी नकार दिला. पत्नी आणि तीन लहान मुली यांचा विचार करा, असे त्यांना परोपरीने विनवण्यात आले. लिंझच्या बिशपांनीही त्यांना पाठिंबा दिला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावरही गावातील अनेकांच्या लेखी ते कर्तव्यच्युतच राहिले.

परंतु त्यांचा नकार मेला नाही. गॉर्डन झान या अमेरिकन कॅथलिक समाजशास्त्रज्ञाने १९६४ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९६५ साली मुंबईचे माजी आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला सादर केलेल्या निवेदनात त्यांचा दाखला दिला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेने त्याच वर्षी म्हटले. २००७ साली त्याच लिंझच्या कॅथीड्रलमध्ये येगरश्टेटर यांना 'धन्यवादित' घोषित करण्यात आले.

आता आपल्या धर्मग्रामाकडे वळू. देशात आपण अल्पसंख्य आहोत, आमचा आवाज ऐका, अशी मागणी आपण करतो आणि ती रास्तच आहे. परंतु सभेत एखाद्या भगिनीने सणाच्या खर्चाचा हिशेब विचारला, एखाद्या तरुणाने लग्नातील उधळपट्टीला हरकत घेतली, की 'विघ्नसंतोषी' हा शिक्का तयारच असतो! 'सर्वांचे एकमत आहे' असे म्हणून विषय संपवला जातो. राडेगुंडच्या अधिकाऱ्यांनीही ते एक विरोधी मत दडपून गावाचा शंभर टक्के पाठिंबा जाहीर केला होता.

प्रत्येक विरोधक येगरश्टेटर नसतो, हे मान्य. हट्टालाही सातत्य असते. पण हट्ट कोणता आणि साक्ष कोणती, हे ऐकून घेतल्याविना कसे कळणार? पॅरिश कौन्सिलच्या इतिवृत्तात विरोधी मत त्याच्या कारणांसह नोंदवावे आणि पुढील सभेत त्याला उत्तर द्यावे. एवढे तरी आपल्या हाती खासच आहे.

आज ज्याला आपण सभेत खुर्ची नाकारतो, त्याच्या नावाने उद्या आपल्या नातवंडांनी नोव्हेना म्हणावी, यात आपली काय शोभा?