दुकानाची पाटी

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या शाळेत मुलींकडून उटण्याच्या पुड्या करवून घेण्याची जुनी चाल आहे. नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल असे सगळे कुटून-चाळून पुड्या बांधायच्या, गावात विकायच्या आणि त्या पैशांतून वाचनालयाला पुस्तके घ्यायची. गेल्या वर्षी मी चाळण घेऊन बसले असता सातवीतली एक मुलगी जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरच्या पुडीत आंबेहळद जरा जास्त घाला ना. तुळशीचं लग्न झालं की ताईला बघायला येणार आहेत, आणि आमच्या दोघींचा रंग..." पुढचे वाक्य तिने गिळले.

ते वाक्य मला तोंडपाठ आहे. मीही सावळीच. मला बघायला आलेल्या मंडळींनीही "नाकी-डोळी नीटस आहे, पण..." असे म्हणत पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या होत्या. कुंकवाच्या करंड्यामागे लपवलेली मलमाची नळी मी दोन वर्षे वापरली. कोणत्या कंपनीची होती, ते आता आठवतही नाही. रंग होता तिथेच राहिला. आरशापुढचा वेळ तेवढा वाढला. तेव्हा या विषयावर मी थंड डोक्याने लिहीन, अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये.

'फेअर अँड लव्हली' हे मलम 1975 साली बाजारात आले. म्हणजे माझ्याहून वयाने वडीलच. त्याची एक जाहिरात माझ्या पिढीच्या बायकांना आठवत असेल. बाप "मुलगा असता तर" म्हणून उसासा टाकतो, सावळी लेक ते ऐकते, मलम लावते, उजळते आणि हवाईसुंदरी होऊन घराला सुखाचे दिवस दाखवते! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रारींचा पिच्छा पुरवला, सरकारनेही कान उपटले, तेव्हा 2003 साली ती बंद झाली. आणि गंमत पाहा, त्याच वर्षी त्याच मलमाच्या नावाने मुलींना शिष्यवृत्त्या देणारी संस्था निघाली. एका हाताने चिमटा काढायचा आणि दुसऱ्या हाताने खाऊ द्यायचा.

पुढे 2014 साली जाहिरातवाल्यांच्याच ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने नियम केला की, सावळ्या माणसाला दुःखी, कुरूप वा निराश दाखवू नये. नियम चांगलाच. पण तो करायला मलमाच्या जन्मानंतर एकोणचाळीस वर्षे लागली, आणि सावळ्या मुलीला हसतमुख दाखवून तेच मलम विकायला कोणाची आडकाठी राहिली नाही.

मग आले 2020 साल. अमेरिकेत मिनीॲपोलिस शहरी पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस मेला, जगभर लोक रस्त्यावर उतरले आणि त्या वादळाची झुळूक मुंबईपर्यंत आली. 25 जूनला हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहीर केले की, नावातला 'फेअर' जाणार. खोक्यावरचे दोन चेहरे तर कंपनीने 2019 सालीच उतरवले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आठवडाभरातच नवे नाव आले, 'ग्लो अँड लव्हली'. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण 'फेअर' म्हणजे न्याय्य असाही एक अर्थ मी मुलींना शिकवते. तो अर्थ त्या खोक्यावर कधी नव्हताच. पाटी बदलली, दुकान तिथेच राहिले.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. दिल्लीच्या एका गृहस्थाने 2013 साली इमामी कंपनीचे 'फेअर अँड हँडसम' 79 रुपयांना घेतले, लावले, आणि गोरा झालो नाही म्हणून दाद मागितली. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या जिल्हा ग्राहक मंचाने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवून कंपनीला 15 लाखांचा दंड सांगितला. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा होता: नुसते मलम पुरत नाही, पौष्टिक आहार, व्यायाम आणि चांगल्या सवयीही लागतात. अहो, मग हे खोक्यावर का नाही छापले? मंचानेही तेच विचारले.

जाहिरातीच्या धंद्यातली हुशार मंडळी यावर म्हणतात की, आम्ही समाजाला आरसा दाखवतो. गोरी सून तुम्हालाच हवी असते. हे दुसरे बोलणे खरे आहे, आणि ते मान खाली घालून कबूल करावे लागते. सावळ्या विठोबापुढे टाळ कुटणारे आपण स्थळ शोधताना 'गोरी, सडपातळ' असेच छापतो. पण आमच्या घरातला आरसा कधी "तुझा चेहरा चुकला आहे, दुरुस्तीचे 79 रुपये काढ" असे बोलला नव्हता. बारा वर्षांच्या मुलीला तिच्या कातडीची लाज वाटायला लावणे हे कसब आहे, आणि त्या कसबाचा मोबदला घेतला जातो.

दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात, हे मलाही कळते. संपादकांनी हा मजकूर एखाद्या मलमाशेजारी छापला, तर माझी तक्रार नाही.

यंदा पुड्यांवर चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मी त्याच मुलीकडे दिले. तिने ठळक अक्षरांत लिहिले: 'अंगाला सुवास येतो. रंग आहे तोच राहतो.' पुड्या दरवर्षीपेक्षा कमी खपल्या. बावीस अजून माझ्या कपाटात आहेत.